आई, सोबती नावेत बसला का?

आई, परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं. विहारात माणसं मावली नाहीत, बाहेर मंडपात सतरंज्या टाकाव्या लागल्या. भंतेजींनी वंदना घेतली आणि मग एकेक जण बोलायला उठला. नवरा गेल्यावर यशोदाबाईंनी दोन पोरं कशी वाढवली, ते कोणी सांगितलं. वस्तीतल्या महिला मंडळाची पहिली बैठक तुमच्याच अंगणात झाली, हे कोणी सांगितलं. सगळं खरंच होतं. शेवटी माईक माझ्याकडे आला. मी उठले, "माझ्या सासूबाई" एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, सुनेचा गळा दाटला. अडचण निराळी होती. मला जे पहिलं आठवलं, ते विहारात पांढरी साडी नेसून सांगण्यासारखं नव्हतं. मला तुम्ही दिसत होतात त्या कूलरसमोर, पदर खोचलेल्या, टीव्हीच्या अंगावर धावून जात ओरडणाऱ्या: "मार त्याले! मार, मार!"

म्हणून ते आता तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तरी ऐका.

तो खेळाचा डबा घरात आला तेव्हा आपलं बोलणं बंद होतं. कारण कळमेश्वर. शेजारची शोभा तिथल्या एमआयडीसीत पंख्याच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायला जायची. तिथे आणखी बाया हव्या होत्या. मी मॅट्रिक झालेली, बारीक कामाला हात बरा, दिवसभर घरी रिकामी. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "घरी का खायले भेटत नाही तुले?"

"तसं नाही, आई."

"मंग काहून जायचं? यष्टीत लोंबकळाले?"

मी अशोककडे पाहिलं. तुमचा हा मुलगा रेल्वेच्या चौकशी खिडकीत बसून दिवसभर अख्ख्या देशाला सांगतो, कोणती गाडी कुठे जाते. घरात मात्र त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी भांडी जरा जोरात घासली, तुम्ही सूप जरा जोरात आपटलंत, आणि त्या दिवसापासून आपण दोघी मुक्या झालो. "दूध नासलं", "कूलरमध्ये पाणी टाक", एवढंच.

अशात मिलिंदभाऊजी मस्कतहून सुटीवर आले. तुमचा धाकटा, बोलघेवडा. सगळ्यांसाठी काहीबाही आणलं आणि घरासाठी म्हणून तो व्हिडिओ गेमचा डबा. टीव्हीला वायरीनं जोडायचा, वरून कॅसेट खोचायची आणि हातात दांडा धरायचा. भाऊजी सांगत होते, "हे मशीन नवीन निंगालं, तवा कोनी पुसत नोहतं. हा खेळ आला, आन् मंग लोकायनं दुकानासमोर लायनी लावल्या. डबा घेतात तो याच्यासाठीच. खेळ नाही वहिनी, पिक्चर हाय हे."

पिक्चरच होतं ते. सुरुवातीला वादळ, वादळात एक जहाज फुटतं. मग एक माणूस लाटांसोबत किनाऱ्यावर येऊन पडतो, उठून बसतो, डोक्याचं पाणी झटकतो. त्याचा सोबती कुठे दिसत नाही. लांब डोंगरावर एक किल्ला, किल्ल्याच्या खिडकीतून कोणाचा तरी हात हलतो. तिथून पुढे तो माणूस आपल्या हातात. त्याला पळवायचं, दरीवरून उडवायचं, वेलींना लोंबकळवायचं, पहारेकऱ्यांशी वल्ह्यानं लढवायचं आणि किल्ल्यात पोचून सोबत्याला सोडवायचं. एकेक टप्पा पार झाला की खेळ थांबायचा आणि सिनेमासारखं चित्र यायचं: खिडकीतला सोबती, आकाशात चढणारा चंद्र, दरवाजा उघडणारे पहारेकरी. आपला टीव्ही काळापांढरा. भाऊजी म्हणायचे, पाणी निळंशार आहे, झाडं हिरवीगार आहेत. आपल्याकडे सगळं राखेच्या रंगाचं.

भाऊजी परत गेले. अशोकनी चार दिवस हात मारून पाहिला, कंटाळले. तुम्ही डब्यावर क्रोशाचा रुमाल टाकलात. उन्हाळा पेटला, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना, आणि दुपारी टीव्हीवर तसंही काही नसायचं. एके दिवशी तुम्ही दिवाणावर डोळे मिटून पडलात असं पाहून मी रुमाल काढला आणि आवाज बारीक करून खेळायला बसले. पहिल्याच नदीत माझा माणूस बुडाला. पुन्हा गेला, पुन्हा बुडाला. असं किती वेळ चाललं कोण जाणे, आणि मागून आवाज आला:

"तो पान्यात काहून पडते वं सारखा?"

कितीतरी दिवसांनी तुम्ही मला दूध-पाण्याशिवाय काही बोललात. मी मागे न पाहताच म्हटलं, "उडी पुरत नाही, आई."

"पुरंन कशी? काठावर जाऊन थांबतेस तू. पळत पळत उडव न त्याले." आणि तुम्ही दिवाणावरून खाली उतरलात, माझ्या शेजारी बसलात आणि हात पुढे केलात. "आन इकडे."

तुमची पद्धत एकच होती, थांबायचं नाही. साप आला, पळ. दगड आला, पळ. त्या माणसाला तुम्ही 'गडी' म्हणायचात. तुमचा गडी नदी एका झेपेत पार करायचा आणि पलीकडच्या पहिल्याच पहारेकऱ्यावर जाऊन आदळायचा. मी दबकत दबकत जायची. पहारेकरी पाठ फिरवेपर्यंत झाडामागे उभी राहायची आणि तेवढ्यात वेळ संपून जायचा. तुम्ही चिडायचात, "तू मराले भेतेस, म्हनून मरतेस." मी म्हणायची, "आणि तुमी भीत नाही म्हणून मरता." मग आपण वाटणी केली. उड्या तुमच्या, लपाछपी माझी. नदी आली की दांडा तुमच्याकडे, पहारेकरी दिसला की माझ्याकडे. गडी पळत असतानाच दांडा या हातातून त्या हातात जायचा. "घे, घे, घे!" तुमच्या बांगड्या माझ्या मनगटाला लागायच्या.

आठवतं, पलीकडच्या घरच्या विमलकाकू भर उन्हात धावत आल्या होत्या? आपल्या आरोळ्या त्यांच्या घरापर्यंत गेल्या. "मार त्याले", "सोडू नोको", "मेली, मेली!" त्यांना वाटलं, सासूसुनेचं शेवटी जुंपलं. त्या हातातला चिमटा तसाच घेऊन दारात उभ्या. तुम्ही टीव्हीवरची नजर न काढता म्हणालात, "बस, विमल. गडी गुहेत हाय." काकू बसल्या. नंतर त्याही रोज यायच्या, पण त्यांना दांडा तुम्ही कधी दिला नाहीत.

एक भांडण तेव्हापासूनच राहिलं. पहारेकऱ्यांच्या कपड्यांचा रंग. तुम्ही म्हणायचात लाल, मी म्हणायची खाकी. राखाडी पडद्याकडे बोट दाखवून तुम्ही सांगायचात, "लाल दिसत नाही का तुले, आंधळे?"

त्या खेळाची खोड अशी, की लाइट गेली की सगळं गेलं. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट रोज जायची. किल्ल्याच्या दारापर्यंत पोचलेला गडी लाइट आल्यावर पुन्हा किनाऱ्यावर ओला होऊन पडलेला. मला रडू यायचं. तुम्ही फक्त म्हणायचात, "चाल, पह्यल्यापासून." तुमच्या आवाजावरून वाटायचं, तुम्हाला त्याचं काहीच नाही. नवरा गेल्यावर सगळं पहिल्यापासून मांडलेल्या बाईला हे सांगायला नको, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

शेवटी एका दुपारी आपण किल्ल्यात पोचलो. कोठडीचं दार उघडलं, सोबती बाहेर आला. चित्र आलं, दोघांनी एकमेकांचे खांदे धरले. विमलकाकूंनी टाळ्या वाजवल्या आणि भाकरी टाकायला घरी गेल्या. पण खेळ संपला नव्हता. किल्ला ढासळायला लागला. वरून धोंडे पडत होते, खाली किनाऱ्यावर नाव बांधलेली होती, आणि सोबती लंगडत मागून येत होता. गडी पळाला की तो मागे राहायचा.

दांडा तुमच्या हातात होता. जन्मात कधी न थांबणारा तुमचा गडी तिथे थांबला. मागे वळला. धोंडा पडला. मेला. पुन्हा तेच. पुन्हा मागे वळला.

"आई, पळवा न त्याला! आधी नाव तर धरू!"

"आन् याले?"

"नाव धरली तर याला घेता येईल. दोघंही इथंच मेले तर काय उपयोग?"

"सोडून जायचं का त्याले? ज्याच्यासाठी एवढं केलं, त्याले?"

"सोडून नाही, आई. पुढे जायचं. पुढे जाणं म्हणजे सोडून जाणं नाही!"

मी हे फार जोरात बोलले. खेळाबद्दल बोलत होते की कशाबद्दल, ते मलाच कळेना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. खोली शेगडीसारखी तापलेली. तुम्ही दांडा खाली ठेवलात, हातपंखा घेतलात. स्वतःला वारा घातलात, मग थोडा मला.

"मी कापडाच्या गिरनीत जात होती," तुम्ही म्हणालात.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"रिळिंगले, सूत गुंडाळाले. सकाळी भोंगा झाला का निंगाचं, आमी चौघी-पाचजनी. अशोकच्या वेळेस सासू म्हने, बस झालं आता. मी बसली."

"वाईट वाटलं?"

तुम्ही पंखा हलवत राहिलात. "भोंगा वाजला का पाय आपोआप उठत होते माहे. दारापर्यंत जायची. मंग आठवे, आपल्याले जायचं नाही."

मी हिंमत केली. "मग मला काहून नाही म्हणता, आई?"

पंखा थांबला. तुम्ही तोंड उघडलंत आणि कूलर घरघरला. "लाइट आली पाह्य," तुम्ही म्हणालात आणि दांडा उचलून माझ्या हातात दिलात.

माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कधीच दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अशोकच्या हातात चहाचा कप देताना तुम्ही एवढंच म्हणालात, "कुंदाले कळमेश्वरले घेऊन जाय. शोभाच्या सायबाले भेटून या." अशोकनी कप तसाच धरून आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मोरीकडे वळले. मला तुमच्यासमोर रडायचं नव्हतं. तुम्हालाही ते नको होतं, म्हणूनच तुम्ही मला पाठ करून स्टोव्हला पंप मारत बसलात.

मी जायला लागले. पहिले काही दिवस बसमध्ये बसले की तुमची दुपार डोळ्यासमोर यायची: बंद खिडक्या, कूलर, दिवाणावर एकट्या तुम्ही. पण संध्याकाळी घरी आले की तुम्ही चहा टाकून दारात. आणि मी चपला काढायच्या आत लढाईची खबर. "आज दोन धोंडे चुकवले." "आज लाइट गेली, नाहीतर नावेपर्यंत होती मी." मी कारखान्यातलं सांगायची: तार किती नाजूक, एक वेढा चुकला तर सगळं उलगडावं लागतं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "अशीन. पन धोंडे तर पडत नाहीत न डोक्यावर."

मग ती संध्याकाळ. मी आले तर तुम्ही उंबऱ्यात बसलेल्या, चहा नाही, काही नाही.

"झालं," तुम्ही म्हणालात.

मी घाबरले. "काय झालं, आई?"

"सोडवलं त्याले. दोघंही बसले नावेत."

मग तुम्ही सगळं सांगितलंत. गडी दोन पावलं चालतो, थांबतो, सोबती पोचला की आणखी दोन पावलं. घाई नाही केली तर धोंडे मागे पडतात. नावेत आधी सोबती बसतो, मग गडी. मग नाव लांब लांब जाते, सूर्य बुडतो आणि पिक्चरच्या शेवटी येतात तशी माणसांची नावं वर सरकत जातात. सांगताना तुमचे हात नाव वल्हवत होते. मी म्हटलं, रविवारी मला दाखवा. तुम्ही म्हणालात, "माहं झालं. तू खेळ, तुले दिसन." तुम्ही पुन्हा दांडा धरला नाहीत. मी रविवारी रविवारी पुष्कळ झटले, दोन पावलं चालून थांबले, पण मला ते जमलं नाही. पुढे पावसाळ्यात वीज पडली तेव्हा डबा जळाला. दुकानदार म्हणाला, याचे पार्ट इथं मिळत नाहीत.

मिलिंदभाऊजी नंतर पुन्हा आले तेव्हा जेवताना विषय निघाला. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, आईंनी तुमचा खेळ जिंकला, दोघांना नावेत बसवलं. भाऊजी हसले. "दोघायले? वहिनी, तसं होतच नाही त्याच्यात. आमच्या रूमवरच्या सगळ्यायनं तो खेळ संपवला हाय. कसंही खेळा, सोबती लंगडत मागंच राह्यते, बुरुजावरून हात हालवते. नावेत एकटाच जाते तो. बनवलाच तसा हाय."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटत होतात, पाठमोऱ्या. तुम्ही ऐकलंत का, आई? मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही कधी नाही. भाऊजींना काही वेगळं माहीत असेल, किंवा तुमच्या हातून काही वेगळं घडलं असेल. किंवा मी रोज संध्याकाळी बसमधून उतरून तुमचा चेहरा शोधत घाईनं यायची, ते तुम्ही उंबऱ्यातून पाहत होतात आणि एके दिवशी तुम्ही ठरवलंत, की आता हिला माझ्या काळजीतून मोकळं करावं. मी तुमच्या पाठीकडे पाहिलं आणि भाऊजींना म्हटलं, "तुमच्या मस्कतवाल्यांना खेळता येत नसेल." तुम्ही भाकरी माझ्या ताटात टाकलीत. वर दोन बोटं तूप.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. मी कॉइल गुंडाळता गुंडाळता नव्या मुलींना शिकवायला लागले. मूल झालं नाही, धंतोलीत डॉक्टरांकडे चकरा झाल्या, आणि त्यावरून कोणी बोललं तर तुम्ही दारातूनच परतवायचात. मग यंदा तुमच्या छातीत पाणी झालं आणि धंतोलीच्या त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात तुम्हाला घेऊन आलो. मी रजा टाकली. तुमच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून राहायची. तुम्हाला बोलताना धाप लागायची, म्हणून आपण पुन्हा एकदा "पाणी देऊ?", "उशी वर करू?" एवढंच बोलायचो.

त्या सकाळी तुम्ही जरा टवटवीत होतात. अशोक पाय चेपत होते. तुम्ही मला विचारलंत, "नवीन पोरी आज येनार होत्या न तुह्या कंपनीत?"

मी हे केव्हातरी बोलता बोलता सांगितलं होतं. मीच विसरले होते. "येतील. दुसरं कोणी शिकवेल त्यांना."

"दुसरं कोन? जाय तू."

"तुमाला टाकून?"

"मी का पळून जाऊन राहिली का?" तुम्ही हसलात, मग धाप लागली. थांबून पुन्हा म्हणालात, "जाय म्हटलं न. बस चुकन."

मी गेले, आई. तुम्ही तोंड खिडकीकडे केलंत, मला निघायला सोपं जावं म्हणून. नव्या मुली आल्या होत्या. त्यातल्या एकीच्या हातातून तार सारखी सुटत होती. मी तिच्या मागे उभी राहून तिची बोटं धरून वेढा घालत होते, तेव्हा गेटवरचा माणूस आत माझ्याकडे आला. दवाखान्यातून फोन आला होता.

परवा मंडपात अशोकच्या आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शेवटच्या घटकेले सून जोळ नोहती. कोन्या कामाची?" मी मान खाली घातली. मला कुठून सुरुवात करायची तेच कळेना, त्या खेळातल्या नदीपासून करावी लागली असती. पण अशोक उठले. साऱ्या आयुष्यात मी त्यांना मोठ्यांसमोर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "आत्या, आईनं पाठवलं होतं तिले. माह्यासमोर पाठवलं. तुमी बोलू नका तिले." मिलिंदभाऊजींनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

तुम्हाला मी कधी म्हटलं नाही, की तुम्ही मला घराबाहेर काढलंत ते माझ्यावरचे सर्वांत मोठे उपकार होते. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "चाल, चहा ठेव." आणि पहारेकऱ्यांचे ते कपडे लालच असतील, आई. मी हरले.

उद्यापासून माझी ड्युटी सुरू. या घराला दिवसा कधी कुलूप लागलं नव्हतं, तुम्ही असायचात. आज अशोकनी सीताबर्डीवरून नवं कुलूप आणलं. कोयंडा इतक्या वर्षांत गंजून गेला होता, कुलूप त्यात बसेना. त्यांनी घासलेट लावलं, कानस मारली, तेव्हा बसलं. कुलपासोबत तीन चाव्या आल्या. एक त्यांनी खिशात टाकली, एक मी पर्समध्ये ठेवली. तिसरी हातात धरून आम्ही दोघं बराच वेळ दारात उभे होतो.